वर्गाची सामायिक कच्ची वही

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांच्या दप्तरात दोन प्रकारच्या वह्या असत. एक पक्की वही. तिला खाकी कव्हर असे, समास आखलेला असे, पानाच्या वर वार आणि दिनांक असे आणि शेवटी शिक्षकांची लाल शाईतली सही असे. दुसरी कच्ची वही, जिला सगळे रफ वही म्हणत. तिच्यात गणिताच्या चुकलेल्या पायऱ्या, निबंधाची खोडलेली पहिली वाक्ये, प्रयोगाचे घाईत टिपलेले आकडे आणि मागच्या पानांवर चित्रे असत. शिक्षक पक्की वही तपासत, पण मूल विचार करत असे ते कच्च्या वहीत. ज्या जागी चूक होत होती, शंका उभी राहत होती आणि मत बदलत होते, ती जागा शिक्षकाच्या नजरेला जवळजवळ कधीच पडत नसे. मी गेली वीस-बावीस वर्षे एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आहे आणि शाळेत वापरल्या जाणाऱ्या क्लाउड ॲपविषयी माझे जे मत बनले आहे, ते या दोन वह्यांपासून सुरू होते.

क्लाउड या शब्दाचा वर्गापुरता अर्थ साधा आहे. लिहिलेला मजकूर एखाद्याच्या फोनमध्ये किंवा शाळेच्या एका संगणकात न राहता दूरच्या सर्व्हरवर राहतो, त्यामुळे तो अनेकांना एकाच वेळी उघडता येतो, एकाच वेळी बदलता येतो आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहते. गूगल डॉक्स आणि शीट्स, मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन वर्ड ही सगळी याच जातीची साधने आहेत. माझे म्हणणे असे आहे की, शाळेच्या दृष्टीने या तंत्राचा एकच गुण खरोखर नवा आहे: मुलाचे अपुरे काम, ते अपुरे असतानाच, शिक्षकाला आणि सोबत्यांना पाहता येते आणि त्यावर तिथेच बोलता येते. व्हिडिओ दाखवणे, पीडीएफ पाठवणे, बहुपर्यायी चाचणी घेणे, हजेरी भरणे ही कामे यापूर्वी इतर मार्गांनी होत होती आणि आजही होऊ शकतात. कच्ची वही सामायिक करणे मात्र पूर्वी शक्य नव्हते. आणि आपल्या शाळांमध्ये नेमका हाच गुण सर्वांत कमी वापरला जातो.

असे का झाले, हे समजून घ्यायचे तर मार्च २०२० पासून सुरुवात करावी लागेल. शाळा अचानक बंद झाल्या आणि शिक्षकांच्या हाती जे होते त्यावर काम भागवावे लागले, म्हणजे व्हॉट्सॲपवर. वर्गाचा ग्रुप तयार झाला, त्यात पालकांचे नंबर जोडले गेले, सकाळी स्वाध्याय टाकला जाऊ लागला आणि रात्री वह्यांच्या पानांचे फोटो येऊ लागले. वडील कामावर जाताना फोन सोबत नेत, त्यामुळे अनेक घरांतून उत्तर यायला रात्रीचे नऊ-दहा वाजत. चाळीस-पन्नास मुलांचे तिरपे, अंधुक फोटो एकाखाली एक येत; एखाद्या फोटोवर शेरा लिहिणे कठीण, लिहिला तरी तो पुढच्या वीस फोटोंखाली दडून जाई आणि मूल ते पान दुरुस्त करून पुन्हा पाठवी असे फारच थोड्या वेळा घडे. त्या काळात शिक्षकांनी घेतलेले कष्ट मी जवळून पाहिले आहेत आणि त्यांना कमी लेखण्याचा माझा विचार नाही. पण त्या दिवसांत जी सवय लागली ती टिकून राहिली. ऑनलाइन शिक्षण म्हणजे वरून काहीतरी पाठवणे आणि खालून पुराव्याचा फोटो मागवणे, असे समीकरण बनले. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने गूगलच्या शैक्षणिक सेवा शाळांना उपलब्ध करून देण्याचे सहकार्य जाहीर केले, तेव्हाही अनेक ठिकाणी गूगल क्लासरूम हे व्हॉट्सॲप ग्रुपचेच थोडे नीटनेटके रूप म्हणून वापरले गेले.

त्याआधीची वाटचालही एकाच दिशेची होती. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा जो प्रयोग केला, त्याची जगाने दखल घेतली आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, याचा महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला अभिमान वाटला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेले केंद्र शासनाचे दीक्षा ॲपही पुस्तकातील क्यूआर कोडवरून पाठ्यसामग्रीपर्यंत नेते. ही कामे उपयोगाची आहेत, पण त्यांत ज्ञान पुस्तकाकडून मुलाकडे जाते. मुलाच्या डोक्यात काय चालले आहे ते शिक्षकाकडे येण्याची वाट त्यांत नाही, आणि वर्गात शिकवणाऱ्याला ज्या वाटेची खरी गरज असते ती हीच.

आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी घेतलेल्या एका तासाचे उदाहरण देतो. इयत्ता नववीच्या वर्गात साध्या लंबकाचा प्रयोग होता. मुलांचे दहा गट केले होते आणि प्रत्येक गटाने दोऱ्याची लांबी २५, ५०, ७५ आणि १०० सेंटिमीटर ठेवून वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा होता. प्रयोगवहीत नोंद करण्याऐवजी प्रत्येक गटाने आपले आकडे एका सामायिक शीटमधल्या आपल्या ओळीत भरायचे होते आणि ती शीट प्रोजेक्टरवर सर्वांना दिसत होती. फोन दहाच होते, गटाला एक. एक मीटर लांबीच्या लंबकाला वीस आंदोलनांसाठी सुमारे ४० सेकंद लागतात. बहुतेक गटांचे आकडे ३९ ते ४१ च्या दरम्यान येत होते. एका गटाचा आकडा मात्र २० सेकंद आला. कोणी काही सांगण्याआधीच त्या गटातल्या मुलींनी भिंतीवरच्या शीटकडे पाहिले, आपापसात कुजबुज केली आणि दोरा पुन्हा हाती घेतला. लंबक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला की त्या एक आंदोलन मोजत होत्या. जाऊन परत आल्यावर एक मोजायचे असते. आपला आकडा बरोबर निम्मा का आला, हे त्यांनी स्वतः शोधले. पुढची दहा मिनिटे वर्गात जी चर्चा झाली ती आंदोलन म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर झाली, आणि लांबी चौपट केली की वेळ दुप्पटच का होतो, हा प्रश्न एका मुलाने स्वतःहून विचारला, कारण २५ आणि १०० सेंटिमीटरचे दहाही गटांचे आकडे शेजारी शेजारी दिसत होते. हाच प्रयोग वेगवेगळ्या प्रयोगवह्यांत झाला असता तर त्या गटाने २० हा आकडा एक तर तसाच लिहिला असता किंवा शेजारच्या गटाकडे पाहून गुपचूप ४० केला असता, आणि दोन्ही वेळा वहीवर सही झाली असती.

मराठीच्या तासाला हे इतके सोपे नाही, आणि त्यातल्या अडचणी मला जास्त ठाऊक आहेत. पहिली अडचण कळफलकाची. मुले फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहायला सरावलेली असतात. देवनागरीत टाइप करायला लावले की ‘दऱ्या’ लिहायचे असते आणि ‘दर्या’ उमटते, म्हणजे डोंगराच्या दरीचा समुद्र होतो. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत आहे, पण मुलाने घरच्या बोलीतला शब्द उच्चारला की ती त्याच्या जागी जवळचा एखादा प्रमाण शब्द टाकते, आणि मुलाला वाटते की आपलाच शब्द चुकीचा होता. त्यामुळे मी ठरवून टाकले आहे की पहिला खर्डा कागदावरच लिहायचा, त्यातला एकच परिच्छेद गटाने निवडायचा आणि तेवढाच डॉकमध्ये आणायचा. चाळीस मिनिटांच्या तासिकेत लॉगिन आणि रेंज यांतच दहा मिनिटे जातात, हे गृहीत धरले तर एका परिच्छेदापेक्षा जास्त काही होतही नाही.

पण त्या एका परिच्छेदावर जे घडते ते वीस वर्षांच्या वहीतपासणीत मला साधले नव्हते. ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर लिहिताना बहुतेक मुलांचा परिच्छेद गाईडातल्या वाक्याने सुरू होतो: बाजारात निरनिराळ्या वस्तू मिळतात. मी त्या वाक्यावर फक्त एक प्रश्न लिहितो, ‘तुम्ही स्वतः पाहिलेली एक वस्तू सांगा.’ शेजारचा गट लिहितो, ‘कोणाच्या दुकानात?’ मग दुसऱ्या दिवशी त्याच जागी दोरखंडवाल्याचा ताणून दोर दाखवण्याचा प्रकार येतो, वाळलेल्या मिरचीच्या ढिगाजवळून जाताना येणारा ठसका येतो. मागच्या आवृत्त्या उघडून पाहिल्या की ते वाक्य कोणत्या चार टप्प्यांतून गेले हे मुलांना दिसते. लेखन म्हणजे एकदाच ओतून मोकळे होण्याची गोष्ट नाही, हे मी वर्षानुवर्षे तोंडाने सांगत होतो; आता ते त्यांना स्वतःच्या वाक्यावर पाहता येते. आवृत्त्यांच्या या नोंदीतून उतरवलेला मजकूरही लगेच कळतो, कारण पंधरा ओळी एकाच क्षणी येऊन पडतात. या सोयीचा उपयोग पहारा ठेवण्यासाठी करण्याचा मोह शिक्षकाने टाळला पाहिजे. मूल जर कच्च्या वहीतही पकडले जाण्याच्या भीतीने लिहू लागले, तर ती कच्ची वही राहणार नाही.

इथे वेळेचा हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण प्रशिक्षणवर्गांमध्ये तो कोणी मांडत नाही. वर्गाचा पट साठ असेल आणि प्रत्येक मुलाच्या लेखनावर पाच मिनिटे द्यायची म्हटली, तर एका फेरीला पाच तास लागतात. माझ्याकडे चार वर्ग आहेत. वैयक्तिक अभिप्रायाची जी चित्रे या ॲपच्या जाहिराती रंगवतात, ती आपल्या पटसंख्येत अशक्य आहेत. तेच काम चौघांच्या गटाने केले तर पंधरा परिच्छेद होतात, प्रत्येकाला चार मिनिटे दिली तर एक तास लागतो आणि आठवड्याला एका वर्गासाठी एवढा एक तास काढता येतो. अभिप्रायही एकाच गोष्टीवर द्यायचा, त्या आठवड्यात विशेषणे तर फक्त विशेषणे, परिच्छेदाची सुरुवात तर फक्त सुरुवात. उरलेले काम मुलांनी एकमेकांसाठी करायचे. एका उपकरणावर चौघे बसतात याला मी साधनांची कमतरता मानत नाही. एकजण टाइप करतो, एकजण सांगतो, एकजण शुद्धलेखन पाहतो आणि चौथा शंका काढतो, अशी वाटणी केली की स्वतंत्र टॅब घेऊन शांत बसलेल्या वर्गापेक्षा त्या वर्गात भाषा जास्त बोलली जाते.

अभिप्रायाविषयी एक जुना अभ्यास मला नेहमी आठवतो. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरे आणि काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या मुलांत. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही, कारण गुण दिसला की मूल शेरा वाचत नाही. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये शेकडो अभ्यासांचा आढावा घेऊन वर्गातल्या चालू मूल्यमापनाचे महत्त्व मांडले ते याच दिशेने. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि त्यात आकारिक आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी करायचे, असे दोन भाग झाले. आकारिक मूल्यमापनाची कल्पना तत्त्वतः हीच आहे की काम चालू असताना पाहावे आणि सुधारायला मदत करावी. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या निघाल्या, त्यांतून ‘प्रभावीपणे वाचन करतो’ यासारखी वाक्ये उतरवली जाऊ लागली आणि कल्पनेचा जीव गेला. सामायिक डॉकमध्ये आकारिक मूल्यमापन खऱ्या अर्थाने शक्य होते, कारण नोंद वेगळी लिहावी लागत नाही. मुलाचे पहिले वाक्य आणि पाचवे वाक्य हीच नोंद असते. पण त्याच ॲपमधली झटपट गुण दाखवणारी चाचणी जास्त वापरली जाते, कारण तिचा अहवाल एका टिचकीत तयार होतो. गूगल फॉर्मवर घेतलेल्या चाचणीने काय कळते? कोणता पर्याय किती जणांनी निवडला एवढे कळते. मी ती वापरतो, पण तासाच्या सुरुवातीला, गुण बंद ठेवून, आणि चुकीचा पर्याय सर्वाधिक जणांनी निवडला असेल तर तिथून धडा सुरू करण्यासाठी.

अहवालाचा हा प्रश्न वर्गाच्या दाराशी थांबत नाही. शिक्षकाला आज विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहार, प्रशिक्षणाची हजेरी, उपक्रमांचे फोटो अशा असंख्य गोष्टी ऑनलाइन भराव्या लागतात. एका उपक्रमाची लिंक संध्याकाळी चार वाजता येते आणि पाच वाजेपर्यंत माहिती मागितली जाते, असे दिवस शाळेत विरळा नाहीत. क्लाउड म्हटले की शिक्षकाच्या डोळ्यांसमोर हेच येते: कोणीतरी वरून पाहते आहे आणि रिकामा रकाना लाल होतो आहे. ज्या साधनाने मुलाचे काम शिक्षकाला दिसायला हवे, त्याने आधी शिक्षकाचेच काम साहेबांना दिसायची व्यवस्था केली. अशा शिक्षकाला त्याच साधनावर मुलांसोबत मोकळेपणाने काम कर, असे सांगणे अन्यायाचे आहे, आणि म्हणून माझी पहिली मागणी तंत्राची नाही, वेळेची आहे. आठवड्यातल्या दोन तासिका अभिप्रायासाठी मोकळ्या द्या आणि त्या बदल्यात एकही अहवाल मागू नका.

पडद्याला विरोध करणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१५ मध्ये पीसा या अनेक देशांत घेतल्या जाणाऱ्या शालेय चाचण्यांच्या आधारे दाखवले की, शाळेतल्या संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांत वाचन, गणित किंवा विज्ञानात त्यामुळे ठळक सुधारणा दिसली नाही. पेरू देशाने मुलांना आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले आणि नंतरच्या मूल्यमापनात भाषेत आणि गणितात फरक आढळला नाही. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांवर पुन्हा पैसा लावायचे ठरवले. या सगळ्यांतून मी घेतो तो अर्थ असा की उपकरण वाटणे म्हणजे शिकवणे नव्हे, आणि पाहत बसणे म्हणजे शिकणे नव्हे. चौथीपर्यंतच्या मुलांना या ॲपची काहीही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात अक्षराला हाताचे वळण लागले पाहिजे, दगड-बियांनी मोजले पाहिजे आणि गोष्ट माणसाच्या तोंडून ऐकली पाहिजे. पाचवीनंतरही आठवड्याला एक-दोन तासिका पुरेशा आहेत. ‘असर’ या देशभरातल्या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले, आदल्या आठवड्यात अभ्यासाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. फोन मुलांच्या आयुष्यात आलेलाच आहे. त्यावर चौघांनी मिळून एक परिच्छेद घडवण्याचा अनुभव शाळेने दिला नाही, तर तो इतर कोणीही देणार नाही.

समतेचा आक्षेप याहून खोल आहे. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी माहितीनोंदीतल्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातल्या ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय आहे, म्हणजे तीनपैकी एकीहून अधिक शाळांत ती नाही. जिथे आहे तिथेही पावसात रेंज जाते आणि संगणक कक्षातले निम्मे संगणक दुरुस्तीची वाट पाहत असतात. म्हणून मी घरी करायच्या कामासाठी क्लाउड वापरण्याच्या विरोधात आहे. घरी फोन कोणाच्या हातात असतो, भावाच्या की बहिणीच्या, यावर गृहपाठ अवलंबून राहू नये. हे काम शाळेत, शाळेच्या वेळेत आणि शाळेच्या उपकरणांवर व्हावे. इंटरनेट नसलेल्या शाळेलाही काही प्रमाणात हे साधता येते. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक आणि एक वायफाय राउटर यांवर सामायिक लेखनाचे ईथरपॅड, वर्गकामाचे मूडल किंवा पाठ्यसामग्रीचे कोलिब्री चालते. वर्गातली उपकरणे त्याला जोडली जातात आणि मजकूर वर्गाबाहेर जातच नाही. याला तांत्रिकदृष्ट्या क्लाउड म्हणायचे की नाही हा वाद तज्ज्ञांनी करावा. वर्गाला सामायिक कच्ची वही मिळते, एवढे मला पुरते. अशा जुळणीला एखादा उत्साही शिक्षक लागतो आणि त्याची बदली झाली की ती धूळ खाते, हा अनुभव खरा आहे. त्यासाठी शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे देखभालीचा एक माणूस नेमणे हा खर्च मोठ्या पडद्याच्या फलकांपेक्षा अधिक कारणी लागेल.

आता सुरक्षिततेविषयी, ज्याकडे आपण अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. जानेवारी २०२३ मध्ये असे उघड झाले की दीक्षा ॲपशी संबंधित माहिती ठेवलेला एक क्लाउड सर्व्हर संरक्षणाविना उघडा राहिला होता आणि त्यात दहा लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन नंबर आणि ईमेल पत्ते होते. लाखो विद्यार्थ्यांची माहितीही होती. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ मध्ये ४९ देशांतल्या शैक्षणिक ॲपची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ८९ टक्के ॲप मुलांच्या हक्कांना धोका पोचेल अशा रीतीने माहिती हाताळत असल्याचे आढळले. डेन्मार्कमध्ये हेल्सिंगॉर नगरपालिकेच्या शाळांतला गूगलच्या सेवांचा वापर तिथल्या माहिती संरक्षण यंत्रणेने जुलै २०२२ मध्ये थांबवला होता, आणि त्या प्रकरणाची सुरुवात एका पालकाच्या तक्रारीपासून झाली होती. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो आणि मुलांचा माग काढण्याला व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्याला मनाई करतो. पण वर्गात काय घडते? नवे ॲप वापरायचे म्हणून शिक्षक मुलांना स्वतःचे खाते काढायला सांगतो, वयाची अट आडवी येते आणि जन्मवर्ष दोन-तीन वर्षे मागे ढकलले जाते. म्हणजे शाळेतच, शिक्षकाच्या देखत, मूल आपली खोटी माहिती भरायला शिकते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मुलींच्या घरचे नंबर सगळ्या वर्गापर्यंत पोचतात आणि त्याचा त्रास काही घरांना झाला आहे, हे मला पालकसभेत ऐकावे लागले आहे.

यावरचा उपाय अवघड नाही. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही शाळांसाठीच्या मूलभूत सेवा पात्र संस्थांना विनामूल्य मिळतात. शाळेच्या किंवा जिल्ह्याच्या नावाची खाती काढली तर मुलाचा फोन नंबर लागत नाही, बाहेरच्या व्यक्तीला मेल करण्याची वाट बंद ठेवता येते आणि मूल शाळा सोडून गेले की खाते बंद करता येते. खात्यात पूर्ण नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरता येतो. ही व्यवस्था प्रत्येक शिक्षकाने आपापल्या खर्चाने आणि हिमतीने उभी करायची नसून जिल्ह्याने करायची आहे. पालकांना संमतिपत्र मराठीत, एका पानात, काय साठवले जाईल आणि केव्हा पुसले जाईल हे सांगणारे असावे.

विनामूल्य या शब्दावरही फार विसंबू नये. जगभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे वापरलेले एडमोडो हे वर्गासाठीचे संकेतस्थळ सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड हा सामायिक ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस गुंडाळला गेला. गूगलने शाळांना दिलेली अमर्याद साठवण २०२२ मध्ये मर्यादित झाली. मुलांचे काम एका कंपनीच्या मर्जीवर ठेवायचे नसेल तर दर सत्राच्या शेवटी ते उतरवून शाळेच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवण्याची शिस्त लावावी लागेल, आणि साधने दोन किंवा तीनच निवडावी लागतील. दर महिन्याला नवे ॲप आणणाऱ्या शाळेत मुले फक्त लॉगिन करायला शिकतात.

हे सगळे लिहिताना एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास तो वर्गातून निघून जातो आणि उन्हे तापू लागली की परत येतो. मधल्या महिन्यांत त्याच्या वह्या कुठे असतात ते कोणालाच माहीत नसते. एकदा पाचटाच्या शेकोटीत गेल्या, असे त्याने सांगितले. त्याने गावीच राहावे, हंगामी वसतिगृहात राहून शिकावे, हाच खरा उपाय आहे आणि कोणतेही ॲप त्याची जागा घेऊ शकत नाही. पण मागच्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्या गटाचा परिच्छेद अर्धा होता. चैत्रात तो परतल्यावर मी त्याला डॉक उघडून दिला. त्याने ऑक्टोबरमध्ये लिहिलेल्या वाक्याखाली त्याच्या गटातल्या मुलीने विचारले होते, ‘तुझ्या आजोबांच्या बैलाचे नाव काय?’ प्रश्न पाच महिने तिथेच होता. तो बराच वेळ त्याकडे पाहत राहिला आणि मग एका बोटाने, सावकाश, नाव टाइप करू लागला.